भावजींचा टॅब आणि आत्याचं गाणं

ब्रह्मदेवाने माणसाला दोनच हात देऊन मोठा अन्याय केला, असं मनापासून मानणारा सबंध जव्हार-मोखाड्यात एकच माणूस आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा दीर लागतो. आमचे भावजी पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावर शाळामास्तर आहेत. एका वेळी एक काम करणारा माणूस त्यांना आळशी वाटतो, दोन करणारा जरा बरा, आणि स्वतः ते तीनच्या खाली उतरले तर त्यांना ताप आला असं आम्ही समजतो. जेवताना पेपर वाचतात हे तर कोणीही करतं. भावजी जेवताना पेपर वाचतात, डाव्या हाताने शेंगा सोलतात आणि वर मला विचारतात की आमटीत मीठ कमी का आहे. आमटी नसतेच ती, ताक असतं. आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकून भात लावतील, फोन गळ्यात टांगलेला असेल, त्यावर केंद्रप्रमुखांशी शाळेच्या रंगकामाचं बोलणं चालू असेल, आणि बांधावरच्या पोरांना मधूनच ओरडून विचारतील, महाराष्ट्रातल्या नद्या सांगा. पलीकडून केंद्रप्रमुखही बिचारे दोनचार नद्या सांगून टाकायचे.

एकदा सकाळी ओट्यावर बसून दाढी चालली होती. समोर शाळेची पोरं तेराचा पाढा म्हणत होती आणि चुलीवर डाळ शिजत होती, म्हणजे भावजींच्या हिशेबाने सगळं कसं शिस्तीत चाललं होतं. एका पोराने पाढ्यात चूक केली, भावजी ताडकन वळले, आणि अर्धी मिशी गेली. अर्धी ठेवून शाळेत कसं जाणार, म्हणून उरलेलीही काढली. आता आमच्याकडे माणसाने मिशी उतरवली म्हणजे घरात कोणीतरी गेलं, हे सांगावं लागत नाही. दुपारपर्यंत आजूबाजूच्या पाड्यांवरून माणसं भेटायला यायला लागली. कोणी तांदूळ घेऊन आलं, कोणी नुसतंच येऊन मान खाली घालून बसलं. दुसरा कोणी असता तर लाजेने मेला असता. भावजींनी सगळ्यांना चहा पाजला, खरं काय ते सांगितलं, आणि आलाच आहात तर म्हणून त्यांच्याकडून शाळेची कौलं नीट लावून घेतली. मी जव्हारला बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवते, माझ्यापर्यंत ही बातमी कौलांसकट त्याच दिवशी पोचली. मला हसू आवरेना, आणि आमच्या ह्यांना भावाचा राग आवरेना.

अशा माणसाच्या हातात टॅब येणं म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. तो दिला त्यांच्या लेकीने, मनीषाने. मनीषा नाशिकला नर्स आहे. पोर लहान असतानाच तिची आई गेली, आणि तिला वाढवलं आत्याने. ही खरं तर ह्यांची आणि भावजींची आत्या, पण सगळा पाडा तिला आत्याच म्हणायचा, म्हणून मनीषाही आत्याच म्हणायची. पहिल्या पगारात मनीषाने आत्याला लुगडं घेतलं आणि बापाला टॅब. बापाने टॅबला गोणपाटाची पिशवी शिवली आणि ती पोटाशी बांधून हिंडायला लागले. आत्याने तो एकदा हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाली, पाटी बरी हाये, पण पुसायला फडका नाय लागत म्हणजे लिवलेलं रातं कुठं?

आत्याबद्दल सांगायलाच हवं. आम्ही वारली. आमच्यात लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते, आणि धवलेरी म्हणजे बाईमाणूस. तिची गाणी हेच आमचे मंत्र. घराच्या आतल्या भिंतीवर गेरू सारवून त्यावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात. बाया चौक लिहीत असतात तोवर धवलेरी गात असते, गाण्यातून पालघट देवीला चौकात बोलावत असते. आमच्या आत्याचा दंडक असा, की हे गाणं एकदा धरलं की चौक पुरा होईपर्यंत तोडायचं नाही. पाणी प्यायला थांबायचं नाही की कोणी बोलावलं म्हणून ओ द्यायची नाही. निम्म्या वाटेवर आणलेल्या देवीला काय तिथंच उभी करून ठेवायची, असं ती विचारायची. आमच्या घरातलं एकही लग्न तिच्या गाण्याशिवाय लागलं नव्हतं, माझंसुद्धा. मी जव्हारला शिकून वाढले, मला त्यातली एक ओळ येत नाही. ह्याची लाज मला तेव्हा वाटत नव्हती, आता वाटते.

भावजींना मात्र वाटायचं की ही गाणी राहिली पाहिजेत. त्यांनी कितीदा तरी आत्याला समोर बसवून टॅबवर गाणं धरायचा प्रयत्न केला. पण धरताना ते गप्प बसतील तर ना! एकीकडे रेकॉर्डिंग, एकीकडे वह्या तपासणं, एकीकडे सुपात नाचणी. मग ऐकायला लावलं की आत्याचा आवाज असा छान चढतोय, आणि मध्येच भावजी ओरडतात, अरे ती म्हैस बांधली का रे! दुसऱ्या एका गाण्यात त्यांनी फोनवर सगळा गॅसचा नंबर लावला आहे. आत्या हसून हसून बेजार व्हायची. तुझ्या म्हशीला पण चौकात बसव आता, म्हणायची.

मनीषाचं लग्न वैशाखात ठरलं, मुलगा जामसरचा. आणि लग्नाला पंधराएक दिवस असताना टॅबवर अपडेट आलं. आजवर टॅबच्या पडद्यावर एका वेळी एकच काम दिसायचं, हे भावजींचं जुनं दुःख. नव्या सॉफ्टवेअरने पडद्याचे दोन भाग व्हायला लागले, वर एक खिडकी, खाली एक, आणि दोन्हीत वेगवेगळी कामं चालू. अहो, मूल झाल्याच्या आनंदात माणूस इतका नाचत नाही! मोटरसायकलला किक मारून तडक माझ्या दुकानात. गिऱ्हाइकं ताटकळत उभी, आणि हे काउंटरवर टॅब ठेवून दाखवतायत, वहिनी, इकडे बघा, वर पाऊसपाण्याचा नकाशा, खाली लग्नाची यादी, आणि वर हा छोटा चौकोन तरंगतोय त्यात कबड्डीची मॅच. ह्याला मल्टिटास्किंग म्हणतात. मी म्हटलं, ह्याला आमच्याकडे वेड म्हणतात, टॅब बाजूला घ्या, मास्तर तुम्ही, माझी गिऱ्हाइकं का पिटाळताय? पण खरं सांगू, त्यांचा चेहरा बघून मलाही उगाच आनंद झाला. जन्मभर जे एकट्याने करत आले ते करणारा त्यांना जोडीदार मिळाला होता.

जोडीदार मिळाला, पण त्याला दम नव्हता. अपडेट झालं आणि टॅबची बॅटरी उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखी उतरायला लागली. सकाळी भरलेला टॅब दुपारच्या सुट्टीला मान टाकायचा. मग भावजी जिथे दिसेल तिथे चार्जर खुपसायला लागले. पिठाच्या गिरणीत खुपसला, शाळेत पंख्याच्या प्लगला खुपसला, आणि शनिवारी माझ्या दुकानात येऊन माझ्या झेरॉक्स मशीनची वायर काढून तिथे खुपसला. शेवटी मी त्यांना हाताला धरून समोरच्या मोबाइलवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, सर, नवं सॉफ्टवेअर म्हणजे घरात नवी सून, चार-आठ दिवस तिची आत भांड्यांची मांडामांड चालते, तेवढे दिवस बॅटरी जास्त खाणारच, तुम्ही फक्त त्याला सुखाने राहू द्या.

सुखाने राहू देतील तर ते भावजी कसले! त्यांच्या डोक्यात बैल. त्यांचं म्हणणं, नांगरट झाली की शेतकरी बैल सोडतो, जू मानेवर ठेवून कोणी बैलाला उभं करत नाही, म्हणून टॅबवर एखादं काम बघून झालं की ते तत्काळ पुसून बंद करायचं. प्रत्येक वेळी बोटाने सगळं झटकून टाकायचे आणि मोठ्याने म्हणायचे, सोडले बैल. दोन मिनिटांनी तेच परत उघडायचे, परत झटकायचे. मोबाइलवाला कपाळावर हात मारून म्हणाला, सर, हे बैल नाहीत, सारखं सोडून जुंपलंत तर जुंपण्यातच ह्याची ताकद जाते, उघडं आहे ते असू द्या. भावजी मान डोलावून बाहेर आले आणि पायरीवरच मला म्हणाले, ज्याने उभ्या जन्मात नांगर धरला नाही त्याचं जनावराच्या बाबतीत काय ऐकायचं? म्हणजे बिचारी नवी सून मांडामांड करतेय आणि सासरा येऊन दर दोन मिनिटांनी मांडणी उतरवतोय. ती बसणार कशी?

आणि मग लग्न आठवड्यावर आलं असताना आत्या विहिरीच्या कट्ट्यावर घसरली. कंबरेचं हाड मोडलं, नाशिकला हॉस्पिटलात नेलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर हलायचं नाही. आमचे हे तिच्यापाशी राहिले. मनीषा म्हणाली, लग्न पुढे ढकला, आत्या गाणार नसेल तर मी चौकासमोर बसणार नाही. इकडे पोर अडून बसलेली, तिकडे सोयरे तयारीत, पाऊस डोक्यावर, एकदा पेरण्या सुरू झाल्या की मग लग्नाला कोण येतं? दोन दिवस घरात कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही. शेवटी आत्यानेच फोन घेतला आणि म्हणाली, पोयरीचं लगीन थांबवायचं नाय. ती पाटी लावा चौकापुढं, मना दिसू दे, मी हितनं गाईन.

झालं, भावजींच्या अंगात वारं भरलं. घरात रेंज कुठे येते हे शोधत ते टॅब डोक्यावर धरून खोलीखोलीतून फिरले, आणि चौकाच्या भिंतीला लागून असलेल्या खिडकीत ती सापडली तेव्हा पोरासारखी उडी मारली. तिथे कणगीवर पाट, पाटावर टॅब. आत्याच्या जोडीला नेहमी एक तरुण धवलेरी असायची, आत्या ओळ सांगणार आणि ती मागून उचलणार. हातांनी करायचे विधी तिने करायचे, गाणं आत्याने. सगळं ठरलं. चौकाच्या आदल्या संध्याकाळी वावटळ आली, विजेचा खांब कलला, आणि सबंध पाड्याची लाईट गेली. होती नव्हती ती सगळी पॉवर बँक भावजींनी रात्रीच संपवली, आचाऱ्याला फोन, मंडपवाल्याला फोन, मध्येच सोडले बैल. जनरेटर होता, पण तो डीजेच्या गाडीवर, आणि डीजेची गाडी येणार नवरदेवाच्या वऱ्हाडाबरोबर. मी विचारलं, भावजी, टॅब किती भरलाय? म्हणाले, भरपूर आहे. मी त्यांची पाठ वळल्यावर बघितलं. निम्मासुद्धा नव्हता.

चौक सुरू झाला. गेरूची भिंत ओली, बायांच्या हातांत तांदळाच्या पिठाच्या वाट्या, समोर हळदीने माखलेली मनीषा. टॅबच्या वरच्या खिडकीत आत्या. हॉस्पिटलची हिरवी चादर गळ्यापर्यंत, केस विंचरलेले, आणि तिकडे ह्यांच्या हातातला फोन हलत असल्यामुळे ती मधूनच पडद्याबाहेर जायची. तिने डोळे बारीक करून भिंत बघितली, कोपरा वाकडा जातोय म्हणून एकीला सुनावलं, आणि गाणं धरलं. आवाज बारीक झाला होता, पण अंगावर काटा आला माझ्या. सगळं घर गप्प झालं, एक भावजी सोडून. त्यांनी कॉल तर लावलाच होता, वर पडद्याचं रेकॉर्डिंग लावलं, आणि खालच्या खिडकीत एकदा पावसाचा नकाशा, एकदा वऱ्हाड कुठवर आलं त्याचा ग्रुप, एकदा तांदळाचा हिशेब. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, वहिनी, आज सगळं पकडून ठेवतो, डोशीचं, आपल्या म्हातारीचं, असं गाणं परत मिळायचं नाही. आणि मागे वळून कोणाला तरी, पत्रावळी किती आल्या रे?

निम्मा चौक झाला असेल, आणि टॅबवर लाल खूण आली. बारीकसा आवाजही झाला. मनीषाने मान वळवली. नर्सच ती, यंत्राचा कुठला आवाज वाईट हे तिला बरोबर कळतं. वऱ्हाड अजून घाटात होतं. पाड्यावरचे बाकीचे फोन कधीच मेलेले, आणि एखादा जिवंत मिळाला असता तरी इकडचं तोडून तिकडे लावायचं म्हणजे गाणं तोडायचंच. आत्याला ह्यातलं काही माहीत नव्हतं, ती डोळे मिटून गात होती. मनीषा जागची हलली नाही, फक्त हळू आवाजात म्हणाली, "बाबा, गाणं तुटू देऊ नका."

भावजींनी टॅबकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "भावजी, रेकॉर्डिंग बंद करा. बाकीचं सगळंच बंद करा."

"वहिनी, हे आत्ता गेलं तर कायमचं गेलं," ते म्हणाले. मला त्यांचं खरं वाटत होतं आणि पोरीचा चेहराही बघवत नव्हता. क्षणभर मला वाटलं, हा माणूस आताही दोन्ही धरून ठेवायला जाणार आणि दोन्ही घालवणार.

पण त्यांनी बंद केलं. आधी रेकॉर्डिंग, मग पावसाचा नकाशा, ग्रुप, हिशेब, जे जे काही त्या पडद्याआड चाललं होतं ते एकेक शोधून बंद केलं. बोटं घामाने निसटत होती, दोनदा चुकीचंच काहीतरी उघडलं. पडद्याचा उजेड इतका कमी केला की आत्या चांदण्यात दिसावी तशी दिसायला लागली. आणि मग आमचे भावजी चौकासमोर मांडी घालून बसले. मांडीवर दोन्ही हात, हातांत काही नाही. पत्रावळींचं विचारायला कोणी आलं, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. इतकी वर्षं ह्या घरात आहे मी, पण ह्या माणसाला नुसतं बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. ते ऐकत होते, ओठ आत्याच्या ओठांबरोबर हलत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही. मला रडू आलं. का लपवू?

चौक पुरा झाला. आत्याने शेवटची ओळ लांबवली, डोळे उघडले आणि विचारलं, "पुरा झाला ना गं पोरी?" मनीषा म्हणाली, "झाला, आत्या." आत्या हसली, काहीतरी आणखी बोलायला तोंड उघडलं, आणि टॅब मेला. त्यानंतर जेमतेम पाच मिनिटांत खालच्या वळणावर डीजेचा दणदणाट ऐकू आला. असा जनरेटर होता, की सगळा मोखाडा चार्ज झाला असता. भावजी उठले, नाक शिंकरलं, आणि एका दमात आचाऱ्याला, मंडपवाल्याला आणि मला तीन वेगवेगळी कामं सांगितली. लग्न झोकात झालं.

आत्या पाड्यावर परत आली, पण उभी राहिली नाही. श्रावण संपायच्या आत गेली. तिचं गाणं टॅबमध्ये आहे, अर्धं. त्यात सुरुवातीला पत्रावळींची चौकशी स्पष्ट ऐकू येते. टॅब आता एकदम सुरळीत चालतो, नव्या सुनेची मांडामांड केव्हाच संपली, कारण लग्नानंतर कित्येक दिवस भावजींनी त्याला हातच लावला नव्हता.

यंदा शेजारच्या घरी लग्न होतं. तीच तरुण धवलेरी आता एकटीने गाते. पहिलं अर्धं तिने टॅबवर ऐकून पाठ केलं आहे. उरलेलं तिला काही येतं, काही येत नाही, आणि चौक निम्म्यावर आला तशी ती अडली. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. भावजी बाहेर ओट्यावर फोनवर बोलत, कांदे चिरत, कोणाच्या तरी पोराला भागाकार शिकवत बसले होते. आतलं गाणं अडखळलं तसा त्यांनी फोन खाली ठेवला, सुरी ठेवली, पोराला गप्प केलं. पुरुषमाणसाने ही गाणी म्हणायची नसतात, म्हणून भिंतीकडे पाठ करून, गाणं न म्हणता नुसती ओळ त्यांनी आत सांगितली. धवलेरीने ती उचलली. परत अडली, परत त्यांनी सांगितली. असं करत करत सगळा चौक त्यांनी पुरा करवला, आणि मी दारात उभी राहून ऐकत होते.

फक्त मधल्या दोन ओळी त्यांनाही सांगता येत नाहीत. आत्या त्या म्हणत होती तेव्हा ते टॅबवरचं एकेक बंद करण्यात गुंतले होते. त्या जागी बाया नुसतं गुणगुणतात, भावजी मान खाली घालून थांबतात, आणि मग पुढची ओळ सांगतात.